जीपचा मागचा एक्सल : टॅगवर ४३–८, आत भलतंच

गाडी : महिंद्राची सीजे ३बी, आखूड चासी. हरिकेन पेट्रोल इंजिन, २१९९ सीसी. टी-९० तीन गिअरचा बॉक्स, डाना १८ ट्रान्स्फर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा), मागे डाना ४४ एक्सल, पुढे डाना २५. टायर चारही ६.००-१६. गाडी वापरलेली, हाती आली तेव्हा पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (ट्रान्स्फर केसपासून एक्सलपर्यंतचा दांडा) काढून सीटखाली बांधलेला.

४ जानेवारी २०२५ : लक्षणं

तक्रारी तीन. चढावर पहिल्यात उचलताना क्लचचा वास येतो. तिसऱ्यात उड्डाणपुलाचा चढसुद्धा ओढत नाही. आणि स्पीडोमीटर ‘मागे दाखवतो’.

पहिल्या दोन तक्रारींवरून हात आधी क्लच आणि इंजिनकडे जातो. क्लच प्लेट जाड आहे, फ्री प्ले बरोबर. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं एकमेकांच्या १० टक्क्यांत. म्हणजे इंजिन म्हातारं आहे, पण मेलेलं नाही.

खरा धागा तिसऱ्या तक्रारीत सापडला. मोबाइलच्या जीपीएसवर ३० असताना काटा २१ वर, ६० असताना ४१–४२ वर. केबल घसरत असती किंवा मीटर सुस्त असता, तर फरक वेगाप्रमाणे बदलला असता, काटा थरथरला असता. इथे दोन्ही वेळा गुणोत्तर तेच, ०.७. या जीपमध्ये मीटरची केबल ट्रान्स्फर केसमधून निघते. चाक किती फिरलं हे मीटरला कळतच नाही, त्याला फक्त प्रॉपेलर शाफ्ट कळतो. आतली दातेरी चाकं ५.३८ रेशोच्या एक्सलला धरून बसवलेली (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.३८ फेरे). ३.७३ भागिले ५.३८ केलं की ०.६९ येतं. मागे ३.७३ असावा असा अंदाज इथेच बांधला, पण अंदाजावर सामान विकत घ्यायचं नाही.

५ जानेवारी : न उघडता मोजणी

कव्हरच्या खालच्या बोल्टला पत्र्याचा मूळ टॅग आहे. तारेच्या ब्रशने घासल्यावर ४३ आणि ८ वाचता आलं : क्राउनचे (एक्सलमधलं मोठं दातेरी चाक) दाते ४३, पिनियनचे (त्याला फिरवणारं, शाफ्टकडचं छोटं चाक) ८. ४३ भागिले ८ म्हणजे ५.३७५. टॅग म्हणतो ५.३८, मीटर म्हणतो ३.७३. टॅग कव्हरच्या बोल्टला असतो, दात्यांना नसतो. आतला मध्यभाग बदलणारा माणूस कव्हर तेच परत लावतो आणि टॅगही त्याच बोल्टवर परत येतो.

मोजण्याची पद्धत, जशी केली तशी :

पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. मागचं उजवं चाक जॅकवर, मग एक्सलखाली घोडी. गिअर न्यूट्रल. हँडब्रेक सोडलेला. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसमागच्या ड्रमवर, म्हणजे थेट प्रॉपेलर शाफ्टवर आहे. ओढून ठेवला तर शाफ्ट फिरणार नाही आणि मोजणी होणार नाही. आणि एक मागचं चाक हवेत असताना ओढलेला हँडब्रेकही गाडी धरत नाही, कारण डिफरन्शियल जमिनीवरच्या चाकाला मोकळं सोडतो, हवेतलं उलटं फिरतं. ठोकळ्यांना पर्याय नाही.

शाफ्टच्या योकवर (शाफ्ट पिनियनला जोडणारा तुकडा) आणि टायरच्या बाजूवर खडूची रेघ. जमिनीवरचं चाक स्थिर असल्याने उचललेलं चाक दोनदा फिरलं की क्राउन एकदा फिरतो. बहुतेकांची चूक इथे होते : चाक एकदाच फिरवून शाफ्टचे फेरे मोजतात, पावणेदोनच्या थोडा वर आकडा येतो आणि मग ‘असा रेशो नसतोच’ म्हणून डोकं खाजवतात.

एकदोन फेऱ्यांवर थांबायचं नाही. ३.७३ आणि ३.९२ यांत एका फेऱ्यामागे पाव फेऱ्याहूनही कमी फरक आहे, योकमधला प्ले (ढिलाई) तो सहज गिळतो. म्हणून चाक २० वेळा फिरवलं. शाफ्ट ३७ पूर्ण आणि पावाहून थोडा जास्त फिरला. दहाने भागलं की ३.७३. ३.९२ असता तर ३९ च्या पुढे गेला असता.

पुढच्या एक्सलवर तीच रीत, लॉकिंग हब असेल तर लॉक करून. शाफ्ट काढलेलाच असल्याने पिनियनचा योक मोजला : २० फेऱ्यांत ५३ आणि पाऊण. पुढे ५.३८.

म्हणजे पुढे ५.३८, मागे ३.७३. त्याच वेगाला पुढचा शाफ्ट मागच्यापेक्षा ४४ टक्के जास्त फिरायला हवा आणि ट्रान्स्फर केस दोघांना एकाच वेगाने फिरवते. फोर-व्हील टाकून डांबरावर दहा मीटरसुद्धा जाता येणार नाही, टायर खरडतील किंवा शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस तुटेल. शाफ्ट सीटखाली का होता, त्याचं उत्तर मिळालं.

६ जानेवारी : कव्हर उघडलं

दहा बोल्ट. ड्रेन करून कव्हर सैल केलं, वरचा एक बोल्ट चार आटे ठेवला, नाहीतर उरलेलं ऑइल कव्हरसकट अंगावर येतं. ऑइल काळं, बोटावर चमक बारीक, तुकडे नाहीत.

क्राउनच्या एका दात्यावर पांढरा ठिपका देऊन फिरवत मोजलं : ४१. पिनियन ११. क्राउनच्या कडेवर ४१ ११ कोरलेलं आहे, शेजारी जोडीचा क्रमांक. वाद संपला.

डाना ४४ मध्ये नेहमी भेटणारे आकडे भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहेत : ४६/१३ म्हणजे ३.५४, ४१/११ म्हणजे ३.७३, ४७/१२ म्हणजे ३.९२, ४५/११ म्हणजे ४.०९, ४७/११ म्हणजे ४.२७, ४१/९ म्हणजे ४.५६, ३९/८ म्हणजे ४.८८, ४३/८ म्हणजे ५.३८. यातल्या कुठल्याही जोडीला समान भाजक नाही, म्हणजे पिनियनचा प्रत्येक दाता कधी ना कधी क्राउनच्या प्रत्येक दात्याला भेटतो आणि दोघं एकमेकांवर घासून बसतात. म्हणून क्राउन एका जोडीतला आणि पिनियन दुसऱ्या जोडीतली असं कधीही चालत नाही. पुढे बाजारात हेच उपयोगी पडलं.

४१–११ चे दाते चांगले आहेत. खराब भाग काढायचा नाहीये, चुकीचा भाग काढायचा आहे. हा सेट तेल लावून, तारेने एकत्र बांधून ठेवला.

८ जानेवारी : कुठला रेशो?

आधी टायर. बाजूवर छापलेल्या मापावरून हिशेब करायचा नाही. हवा नेहमीची, गाडीत माणूस बसलेला, टायरवर आणि फरशीवर खडू, गाडी सरळ ढकलत तीन फेरे. ६.६६ मीटर. एका फेऱ्याला २.२२ मीटर.

सूत्र सोपं : ताशी किलोमीटरला ६० ने भागून हजाराने गुणायचं, घेराने भागायचं, रेशोने गुणायचं. तिसरा गिअर थेट असल्याने तिथे गिअरबॉक्सचा आकडा १.

६० ला इंजिनाचे मिनिटाचे फेरे : ५.३८ वर २४२०, ४.८८ वर २१९५, ४.२७ वर १९२५, ३.७३ वर १६८०.
७० ला, त्याच क्रमाने : २८२५, २५६०, २२४५, १९६०.
८० ला : ३२३०, २९३०, २५६५, २२४०.

नुसती ही यादी बघितली तर प्रत्येकाला ३.७३ गोड वाटतो. कमी फेरे, कमी आवाज, पेट्रोल वाचेल. गडबड इथेच आहे. या इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क १५५ न्यूटन-मीटर, तोही २००० फेऱ्यांना, आणि तो नव्या इंजिनाचा. हिशेबाला ८० टक्के धरला, १२४. गाडी माणसांसकट १४०० किलो. तिसऱ्या गिअरमध्ये ५० च्या वेगाने, वारा आणि टायरचा विरोध वजा केल्यावर उरलेल्या ओढीत साधारण किती चढ चढेल, ते काढलं :

५.३८ वर ८.७ टक्के
४.८८ वर ७.६ टक्के
४.२७ वर ६.३ टक्के
३.७३ वर ५ टक्के

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत डोंगराळ रस्त्याला नेहमीचा चढ ५ टक्के, मर्यादा ६, अपवाद म्हणून ७. सह्याद्रीतले जुने घाट वळणांवर याहून उभे आहेत. म्हणजे ३.७३ ला घाटाच्या सगळ्यात सौम्य भागातच तिसरा संपतो. दुसरा टाकावा तर टी-९० चा दुसरा १.५५ आहे : तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना फेरे दीडपटीहून वर उडी मारतात. पाच गिअरच्या गाडीत ही फट मधला एखादा गिअर भरून काढतो, इथे मधलं कुणी नाही. तीन गिअरच्या गाडीला उंच (म्हणजे छोट्या आकड्याचा) रेशो म्हणूनच मानवत नाही. ४.२७ सुद्धा काठावर आहे, चढ सहाचा झाला की दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा असा खेळ सुरू.

पहिल्या गिअरचंही बघायला हवं. टी-९० चा पहिला २.८०. ५.३८ शी गुणला तर १५, ३.७३ शी गुणला तर १०.४. क्लचला वास का येत होता ते या दोन आकड्यांत आहे. लो रेंजला २.४६ ने गुणा : ३७ विरुद्ध २५.७. खडकावर हळू चालायला पहिला आकडा लागतो.

उरले ४.८८ आणि ५.३८. कागदावर, या गाडीच्या वापराला (आठवड्यातून एकदा महामार्गावर तासभर, बाकी घाट आणि गावरस्ते) ४.८८ सरस. या इंजिनाचा स्ट्रोक १११ मिमी, लांब. ७० च्या वेगाला ५.३८ वर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १०.५ मीटर, ४.८८ वर ९.५. तासन् तास पळवायचं तर हा एक मीटर जाणवतो. पण ४.८८ घेतला तर पुढचा एक्सलही उघडून ३९–८ करावा लागेल, म्हणजे दोन सेट, दोन सेटिंग. ५.३८ घेतला तर पुढचा जसा आहे तसा राहतो.

टायर मोठे घालून रेशो ‘लांब’ करण्याची सूचना नेहमी येते. ७.००-१६ घातले तर घेर वाढतो, ५.३८ चं काम पाचच्या आसपास येतं. पण स्टिअरिंग पूर्ण कापल्यावर टायर पाट्याला घासतो, ब्रेक तेवढेच राहतात आणि मीटर पुन्हा खोटं बोलायला लागतो. बाद.

ठरलं ते असं : बाजारात ४.८८ चे दोन जुळे, चांगले सेट मिळाले तर ४.८८. नाहीतर ५.३८.

१२ जानेवारी : सामान

पहिल्या दुकानात मागचा ३९–८ सेट मिळाला. क्राउनच्या कडेवरचा जोडीचा क्रमांक आणि पिनियनच्या डोक्यावरचा क्रमांक वेगळे निघाले. दुकानदार म्हणाला, ‘दाते सारखेच आहेत की.’ दाते मोजायला सारखे आहेत, पण एकमेकांवर घासून बसवलेले नाहीत. अशी जोडी पहिल्या दिवसापासून कण्हते आणि दाता कधी सोडेल याचा नेम नाही. नाकारली. पुढच्या एक्सलचा ३९–८ कुठेच नव्हता.

दुसऱ्या ठिकाणी ४३–८ चा पूर्ण मध्यभाग होता : क्राउन, पिनियन, डिफरन्शियल केस, बेअरिंगसह. क्रमांक जुळले. पिनियनच्या दात्यांवर नख उभं फिरवलं : खड्डा लागत नाही, टोकाला पायरी नाही. क्राउनच्या मागच्या बाजूला निळसर छटा नाही, म्हणजे ऑइलविना पळवलेला नाही. घेतला.

पूर्ण मध्यभाग घेण्यामागे कारण आहे. डाना ४४ मध्ये केस दोन प्रकारच्या असतात : एक ३.७३ आणि त्याखालच्या रेशोंसाठी, दुसरी ३.९२ आणि त्यावरच्यांसाठी. रेशो वाढला की पिनियनचा व्यास कमी होतो, म्हणून क्राउन बसवायची कड पिनियनकडे सरकवलेली असते. ३.७३ च्या केसवर ५.३८ चा क्राउन चढवला तर बोल्ट बसतात, सगळं छान दिसतं, फक्त दाते एकमेकांपर्यंत पोहोचत नाहीत. बाजूला शिम (जाडी भरायच्या पातळ चकत्या) भरभरून पोहोचवायचा प्रयत्न केला तर बेअरिंग जागा सोडतं. नुसता क्राउन-पिनियन घेऊन आलेले बरेच जण इथे अडकतात.

अजून दोन मापं काउंटरवरच तपासायची. साइड गिअरच्या स्प्लाइन (शाफ्ट अडकायच्या खाचा) : जुन्या एक्सलना १०, नंतरच्यांना १९. या गाडीचे हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचे दांडे) १९ चे, आणलेल्या केसमधले गिअरही १९ चे. आणि पिनियनच्या स्प्लाइनवर गाडीतला योक हाताने चढवून बघायचा, तोही सोबत नेला होता. चढला.

नवीन आणलं : पिनियनची दोन बेअरिंग, केसची दोन, पिनियन सील, मागची दोन हब सील, कव्हरचं पॅकिंग, शिमचा संच, ईपी ९० जीएल-५ ऑइल दोन लिटर.

१४ जानेवारी : उतरवणं

हब हा या एक्सलचा सगळ्यात हट्टी भाग. शाफ्टचं टोक निमुळतं, त्यात चावी, त्यावर हब आणि ड्रम एकत्र. साध्या तीन पायांच्या पुलरने ड्रमची कड वाकते. हबच्या पाच स्टडवर बसणारा जाड पुलर लावायचा, ताण द्यायचा, मग पुलरच्या बोल्टवर हातोड्याचा एकच जोरकस घाव. नट पूर्ण काढायचा नाही, तीन-चार आटे मागे घेऊन ठेवायचा. डावा हब बंदुकीच्या बारासारखा आवाज करून सुटला आणि नटावर अडकला. नट नसता तर तो समोर उभ्या असलेल्याच्या नडगीवर गेला असता.

हब निघाल्यावर बॅकिंग प्लेटमागचे शिम डावे-उजवे वेगळे बांधून ठेवले. हाफ शाफ्ट बाहेर.

बेअरिंगच्या कॅपवर आणि हाउसिंगवर पंचने खुणा केल्या. कॅप अदलाबदल किंवा उलट्या लावल्या तर भोक गोल राहत नाही. केस जोरात बसलेली असते, कारण बेअरिंगवर मुद्दाम दाब ठेवलेला असतो. हाउसिंग फाकवायचं अवजार असेल तर अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे फाकवायचं नाही, बीड परत येत नाही. इथे दोन पहारी, खाली लाकूड, दोन्ही बाजूंनी सारखा दाब. निघाली.

पिनियनचा नट सोडताना योकला लांब पट्टी बोल्ट करून ती जमिनीला टेकवली. पिनियन मागे ठोकताना लाकूड मध्ये, आटे खराब होऊ नयेत म्हणून जुना नट वर. आतल्या बेअरिंगच्या कपमागचे (बाहेरच्या कडीमागचे) शिम मोजले : ०.८१ मिमी. हा आकडा लगेच लिहिला, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

१६ आणि १७ जानेवारी : सेटिंग

पिनियनच्या डोक्यावर कारखान्यात कोरलेला अधिक-उणे आकडा असतो, हजारांश इंचात. जुनी पिनियन +२, आणलेली −१. डाना ४४ मध्ये पिनियनचं मूळ अंतर सगळ्या रेशोंना एकच असल्याने जुन्या शिमवरून नव्याचा अंदाज काढता येतो. अधिक म्हणजे पिनियन क्राउनपासून लांब, म्हणजे कमी शिम. +२ वरून −१ वर आलो, म्हणजे तीन हजारांश वाढवायचे, ०.०८ मिमी. सुरुवात ०.८९ ने.

पुन्हा पुन्हा काढावं लागणार हे गृहीत धरून जुन्या आतल्या बेअरिंगचं भोक लेथवर किंचित मोठं करून घेतलं, हाताने सरकेल एवढं. नवीन बेअरिंग शेवटच्या मापानंतरच प्रेसने. हे न करणारे चौथ्या वेळी नवीन बेअरिंगचा पिंजरा मोडतात.

दात्यावर दाता कुठे टेकतो ती खूण बघायला गॅरेजची जुनी रीत वापरली, शेंदूर आणि तेल, दह्याएवढं घट्ट. शेंदूर म्हणजे शिशाचं संयुग, तेव्हा हातमोजे घालायचे आणि नंतर हात धुऊन मगच चहा. क्राउनचे सहा दाते रंगवले, क्राउनवर लाकडाने अडथळा देत पिनियन दोन्ही दिशांना फिरवली. अडथळा नसेल तर ठसा उमटतच नाही.

पहिला ठसा : ओढीच्या बाजूला दात्याच्या मुळाकडे. पिनियन खोल आहे. ०.०५ काढले, ०.८४. दुसरा ठसा : ओढीच्या बाजूला मधोमध, आतल्या टोकाकडे किंचित झुकलेला. सोडल्याच्या (ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर टेकणाऱ्या) बाजूलाही मध्यावर. वापरलेल्या सेटला याहून सुंदर ठसा शोधत बसू नये, तो जुन्या घासलेल्या जागेवर येणंच महत्त्वाचं.

लक्षात ठेवायला : ठसा दात्याच्या मुळाशी तर पिनियनचे शिम कमी, माथ्याशी तर जास्त. आतल्या टोकाकडे सरकला तर क्राउन लांब, बाहेरच्या टोकाकडे तर क्राउन जवळ.

मग क्राउन-पिनियनमधला प्ले. डायल गेज दात्याला काटकोनात, चुंबकी बैठक हाउसिंगवर. ०.२८ मिमी आला. हवा ०.१३ ते ०.२०. क्राउनच्या विरुद्ध बाजूचा ०.१५ चा शिम काढून क्राउनच्या बाजूला. एकूण बेरीज तीच राहते, फक्त केस सरकते. प्ले सरकवलेल्या शिमच्या साधारण सत्तर टक्के बदलतो. नवं वाचन ०.१८. चार ठिकाणी घेतलं : ०.१८, ०.१७, ०.१८, ०.१९. चौघांत ०.०५ च्या वर फरक आला असता तर क्राउनखाली कचरा किंवा कड वाकडी समजून पुन्हा उघडलं असतं. केसच्या बेअरिंगना दाबासाठी मोकळ्या मापापेक्षा एकूण ०.२ मिमी जादा शिम, दोन्हीकडे अर्धे अर्धे.

पिनियनच्या बेअरिंगचा दाब या एक्सलमध्ये शिमनेच ठरतो, चेपणारी नळी नाही. नवीन बेअरिंगला सील न लावता २.३ ते ४.५ न्यूटन-मीटर. एवढं कमी मोजणारा टॉर्क रेंच सगळ्यांकडे नसतो. योकच्या गोल भागावर, ३५ मिमी त्रिज्येवर, दोरी गुंडाळून सामान तोलायच्या स्प्रिंग काट्याने ओढलं : सुटताना नव्हे, सावकाश फिरत असताना ८.७ किलो. म्हणजे ३ न्यूटन-मीटर. हा आकडा नट पूर्ण आवळल्यावरचा असतो. नट सैल ठेवून दाब ‘बरोबर’ आणणं ही गॅरेजमधली सगळ्यात महागडी लबाडी आहे.

आवळलेलं : पिनियन नट २८० न्यूटन-मीटर, बेअरिंग कॅप ११०, क्राउनचे बोल्ट ७०, ते आडवे-तिडवे आणि लॉकच्या द्रवासह.

१८ जानेवारी : बंद करणं

हाफ शाफ्ट, बॅकिंग प्लेट, जुने शिम ज्या त्या बाजूला. शाफ्टचा आत-बाहेर प्ले ०.०३ ते ०.१५ मिमी हवा, आला ०.१०. निमुळता भाग आणि हबचं भोक कोरडं पुसून, ग्रीस न लावता जोडलं. ग्रीस लावलं तर हब जास्त वर चढतो आणि एक दिवस फुटतो. नट किमान २०० न्यूटन-मीटर, भोक जुळवायला पुढे आवळायचा, मागे घ्यायचा नाही.

हाउसिंगवरचा ब्रीदर (आतली हवा सोडणारं भोक) चिखलाने बुजला होता. तो तसाच ठेवला असता तर गरम हवेने नवीन सील ढकलून ऑइल ब्रेकच्या लायनिंगवर आणलं असतं. तारेने साफ केला. ऑइल सुमारे १.२ लिटर, भरण्याच्या भोकाच्या कडेपर्यंत, गाडी सपाट. उरलेलं जीएल-५ गिअरबॉक्समध्ये ओतायचा मोह टाळायचा, टी-९० च्या पितळी सिंक्रोना ते मानवत नाही.

१९ जानेवारी : पहिली धाव

२० किमी, ५० च्या आत, ओझं नाही. मग अर्धा तास थंड. हाउसिंग ६८ अंश, पिनियनच्या नाकाशी ७४. हात टेकवता येत नाही पण थुंकी चरचरत नाही, असं जुने मेकॅनिक मोजायचे, ते साधारण इथेच येतं. नाकाशीच शंभराच्या वर गेलं असतं तर बेअरिंगचा दाब जास्त समजायचा.

जीपीएसवर ६० असताना काटा ५९ वर. टॅकोमीटरवर २४३०, हिशेबात २४२० होते. मीटर कुणी हात न लावता दुरुस्त झाला.

आवाज : ओढीवर काही नाही. ४५–५० च्या दरम्यान पाय सोडल्यावर बारीक शीळ. वापरलेल्या सेटमध्ये सोडल्याच्या बाजूला अशी शीळ राहते, ती वाढली नाही तर सोडून द्यायची. ती घालवायला सेटिंग पुन्हा हलवलं तर ओढीची बाजू बिघडते.

चढावर पहिल्यात क्लचचा वास नाही. जो उड्डाणपूल तिसऱ्यात जमत नव्हता तो ४५ ने तिसऱ्यातच पार.

२६ जानेवारी : पुढचा शाफ्ट

पुढच्या एक्सलचं ऑइल दुधाळ निघालं, वापर नसल्याने आत पाणी बसलेलं. दोनदा धुऊन नवीन भरलं, तेही १.२ लिटर. शाफ्ट जोडण्याआधी चारही टायरचे घेर पुन्हा मोजले : २.२२, २.२२, २.२१, २.२२. एका सेंटीमीटरचा फरक मातीवर चालतो.

शाफ्ट जोडून शेतातल्या ढेकळांवर फोर-व्हील, लो रेंज. सरळ, वळणावर, पुन्हा सरळ. लिव्हर दोन बोटांनी बाहेर आला. ताण अडकलेला असता तर लाथ मारल्याशिवाय आला नसता. डांबरावर फोर-व्हील आता रेशो जुळल्यावरही टाकायचं नाही, वळणावर पुढची चाकं लांबचा रस्ता धरतात आणि मध्ये तिसरा डिफरन्शियल नाही.

९ मार्च : ८०० किमी

ऑइल काढलं. ड्रेन प्लगला चिकटलेला लोखंडाचा कीस पिठासारखा, बोटांत चुरला तर खर लागत नाही. प्ले पुन्हा मोजला, ०.१९. शीळ तेवढीच. नवीन ऑइल, नवीन पॅकिंग.

कव्हर लावताना खालच्या बोल्टला तोच जुना टॅग परत अडकवला. ४३ – ८.